न संपणाऱ्या कामाची वाट

"बाई, हे अडकलंय."

ईश्वरीने हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी पराग खोराटेच्या खुर्चीमागे उभी होते. पराग आपल्या खेळातल्या बेडकाला उडी मारायला शिकवत होता आणि बेडूक दर वेळी पडद्याबाहेर जाऊन नाहीसा होत होता.

"अडकलंय म्हणजे नक्की काय झालंय?"

"काहीच होत न्हाई, हेच झालंय. कळ दाबली, पहिलं काम चालू झालं. दुसरं सुरूच होईना. नुसतं गोल गोल फिरतंय."

"किती वेळ?"

"मी पाणी पिऊन आले तेवढा."

"मग तासभर झाला बाई," पराग म्हणाला. "ही पाण्याला म्हणून जाते आणि खाली सगळे पेपर वाचून येते."

"तू तुझा बेडूक बघ. गटारात पडला असंल."

आजऱ्यात एका वाचनालयाच्या माडीवर माझा हा वर्ग भरायचा. हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर एका मे महिन्यात पुण्याच्या भाच्याने मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. भूमितीतलं प्रमेय सुटलं की जसं वाटतं, तसंच मला त्यात वाटलं. कुठल्याशा बँकेने जुने संगणक काढले, ते वाचनालयाने मागून आणले, आणि सातवी-आठवीची मुलं माझ्याकडे यायला लागली. ईश्वरी शिंत्रे त्यातली एक. तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होती. वेण्या घट्ट, बोलणं फटकळ, आणि डोकं असं की एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ती मलाच नव्या बाजूने सांगायची.

तिचे वडील ती लहान असतानाच अपघातात गेले. आई, वंदना, नर्स. ती बहरीनच्या एका इस्पितळात नोकरीला होती. ईश्वरी आप्पांकडे, म्हणजे वडिलांच्या वडिलांकडे राहायची. घरात ते दोघंच.

दर शुक्रवारी वंदना जेवणाच्या सुट्टीत मुलीला व्हिडिओ कॉल करायची. घरी नेट धड नव्हतं, म्हणून तो कॉल माझ्या वर्गात यायचा. ईश्वरी आईसाठी संगणकावर एक चित्रांचं पान तयार करत होती. त्यात आजरा होता. हिरण्यकेशी नदीचा काठ, घनसाळ भाताची रोपं, आप्पांचा चष्मा, दारातली कोरी सायकल. ही सायकल आईने पाठवलेल्या पैशांतून घेतलेली, पण तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"चालवत का नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"आई आली की शिकणार. दिवाळीला ती कायमची येणार हाय."

हे मी मागच्या दिवाळीआधीही ऐकलं होतं. त्याच्या आदल्या दिवाळीआधीही. कोल्हापूरच्या गणिताच्या शिबिराला तिचं नाव मी घातलं, तर "आई आली की बघू." दात पुढे आलेत, तार बसवायची, "आई आली की."

तर ते पान. आईने तिकडून म्हणायचं, "नदी जरा निळी कर," आणि ईश्वरीने इथे बदल केला की आईच्या डोळ्यांदेखत नदी निळी व्हायची, अशी तिची कल्पना. त्यासाठी दोन कामं हवी होती. एक पहारेकरी: तो फायलींवर नजर ठेवणार आणि काही बदललं की लगेच पान नव्याने तयार करणार. दुसरं काम ते पान उघडून दाखवणार. आईची सुट्टी एवढीशी. त्यातला निम्मा वेळ हे चालू कर, ते चालू कर यात जायचा. म्हणून ईश्वरीला एका कळीवर सगळं हवं होतं. आपण ज्यात प्रोग्रॅम लिहितो तो एडिटर अशी कामं ओळीने करून देतो. आधी कुठलं, मग कुठलं, हे आपण त्याला लिहून द्यायचं. तिने लिहिलं होतं: आधी पहारेकरी, तो झाला की दाखवणं.

मी मुलांच्या कीबोर्डला कधी हात लावत नसे. गाडी अडली की माझा एकच उपाय असायचा.

"उठा. नाटक करू."

सगळ्यांना हे आवडायचं. पराग पहारेकरी झाला, ईश्वरी एडिटर आणि समीना नावाची एक चिमुरडी 'दाखवणं' झाली. तिला स्टुलावर बसवलं.

"मी काय करायचं?" समीनाने विचारलं.

"पहारेकऱ्याचं काम झालं असं एडिटर म्हणाला की तू उठून खिडकी उघडायची."

पराग हात पाठीमागे बांधून खोलीत फेऱ्या मारायला लागला. टेबलाखाली बघ, कपाटामागे बघ.

"झालं का रे?" ईश्वरीने विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, म्हटलं ना."

"अरे, कधी संपणार तुझं?"

"माझं संपतच न्हाई. पहारा हाय हा. संपला तर चोर येतील की!"

"बाई, मला कंटाळा आला," समीना स्टुलावरून म्हणाली.

सगळी हसली. ईश्वरी हसली नाही. ती पडद्यावरच्या फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहिली.

"म्हणजे हा कधी संपणारच न्हाई," ती म्हणाली. "आणि मी सांगून ठेवलंय, हा संपल्याशिवाय तिनं उठायचं न्हाई."

"मग?"

"मग थांबवायचंच न्हाई तिला. दोघं एकदम पळू देत."

तिने तसं करून पाहिलं. पान लगेच उघडलं. पांढरं फटक. पहारेकऱ्याने अजून काही तयारच केलं नव्हतं, तर दाखवणार काय?

"आमची आई," पराग म्हणाला, "आमटी करायला गॅस संपायची वाट बघत न्हाई. आणि गॅस पेटवायच्या आधी पातेलं ठेवून ढवळत पण बसत न्हाई."

"पेटला की ठेवते," समीना म्हणाली.

अशा वेळी मास्तराने बोलू नये. ईश्वरी हळूहळू खुर्चीवर बसली.

"बाई, त्यानं 'संपलं' म्हणायला नको. 'तयार झालो' एवढं म्हणाला की पुरे. पण एडिटरला ते कळणार कसं?"

मग मी तिला दाखवलं की एखादं काम मागे चालत राहणारं आहे, असं एडिटरला सांगता येतं. आणि त्याच्या बोलण्यातली एक ओळ नेमून देता येते. ती ओळ पडद्यावर आली की काम तयार आहे असं समजून एडिटर पुढच्याला सोडतो. मागचं चालूच राहतं.

"कुठली ओळ?"

"ती पहारेकऱ्याच्या बोलण्यात आहे. वाच."

तिने वाचायच्या आधीच आपल्या मनाने लिहून टाकलं: 'संपलं' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. कळ दाबली. चक्र पुन्हा गोल गोल.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. आप्पा तिला न्यायला आले होते.

"तू हो पुढं," ते तिला म्हणाले. "खाली माझी पिशवी ऱ्हायली बघ कट्ट्यावर. कुत्रं न्हेईल."

ती उड्या मारत खाली गेली. आप्पा काजूच्या कारखान्यात मुकादम होते. आवाज मोठा, माणूस धिप्पाड. पण त्या दिवशी ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि आधी नुसते गोठ्याबद्दल बोलले, मग उन्हाळ्याबद्दल.

"बाई, सूनबाई येत न्हाई," शेवटी म्हणाले. "करार वाढला. आनि दोन वर्सं."

"ईश्वरीला ठाऊक आहे?"

"न्हाई." त्यांनी उपरण्याने मान पुसली. "ती म्हनती, पोरीला पाठवा हिकडं. तितं शाळा हाय, जागा हाय. म्हयना संपायच्या आत कळवायचं. मी म्हनलं, इचारतो पोरीला."

"विचारलंत?"

आप्पांनी जिन्याकडे पाहिलं. खाली ईश्वरी कुणाला तरी हाका मारत होती.

"लेक गेला माझा. त्याचं म्हनून घरात एवढंच हाय, बाई. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई. इथं शिक्शान चांगलं हाय, तुमच्या हाताखाली हाय, असं तुमी सांगितलं तर ती जायची न्हाई."

मला ते सांगणं किती सोपं होतं, हे मला आजही आठवतं. त्यात खोटं तर काहीच नव्हतं. मला मूलबाळ नाही. दुपारी चार वाजता त्या जिन्यावर तिचे पाय वाजले की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायचे, म्हणजे माझा चेहरा तिला दिसू नये.

"आप्पा, मी मुलांना उत्तरं सांगत नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

"मग निदान प्रश्न तरी सांगू नगा," ते म्हणाले आणि काठी टेकत उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी वर गेले तर ईश्वरी दारात बसून होती. वाचनालयाच्या शिपायाने कुलूप उघडायच्याही आधी आलेली. दार उघडताच ती संगणकापुढे जाऊन बसली. मी तिच्या शेजारी न बसता कपाट आवरत बसले. ती पहारेकऱ्याचं बोलणं एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती, पहिलीतल्या मुलासारखी.

"बाई!" ती ओरडली. "हा तर दर वेळी सांगत होता!"

"काय?"

"ही बघा ना ओळ. पान तयार झालं की लगेच येते. 'बदलांची वाट बघतोय.' म्हणजे तयार होऊन बसलाय की तो! काल पण हीच होती, परवा पण. मीच आपली 'संपलं' शोधत बसले."

तिने ती ओळ नेमून दिली. कळ दाबली. पहारेकरी उठला, बडबडला, वाट बघायला लागला, आणि लगेच पान उघडलं. नदी, रोपं, चष्मा, सायकल. ती खुर्चीत उलटी फिरली आणि तिने मला मिठी मारली. आठवीतल्या मुली सहसा असं करत नाहीत.

चारला कॉल आला. आप्पाही आले होते. ते दर शुक्रवारी येत, पण कॅमेऱ्यापुढे बसत नसत. सूनबाईला डोक्यावर पदर घ्यावा लागू नये म्हणून, असं ते सांगायचे. वंदना तर इस्पितळाच्या पोशाखात असायची.

"ईशू, जेवलीस?"

"आई, हे बघ, एकच कळ!"

पान उघडलं. वंदनाने डबा बाजूला ठेवला. ती कॅमेऱ्याच्या जवळ सरकली.

"रोपं किती वाढली ग," ती म्हणाली.

"काहीतरी बदलायला सांग ना!"

"नदी जरा निळी कर. मेमध्ये एवढी गढूळ नसते आपली नदी."

नदी निळी झाली. तिकडे एक केरळी नर्स वंदनाच्या खांद्यावरून डोकावली आणि तिने टाळ्या वाजवल्या. मग आप्पांचा चष्मा मोठा केला, सायकल लाल केली, पुन्हा हिरवी केली. पराग मागून म्हणाला, "काकू, आजरा चौकात सिग्नल घाला एक." सगळी हसली. वंदना डोळे पुसून हसली.

"ईशू, उंची किती झाली ग तुझी आता?"

"मागच्या शुक्रवारी सांगितली की."

"हो का. परत सांग."

ईश्वरीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं बोट टेबलावर तसंच राहिलं होतं, सकाळी ओळी वाचताना होतं तसं.

"आई, तू दर वेळी उंची का विचारतेस?"

"सहज."

"आणि त्या दिवशी विचारलंस, खिडकीजवळ झोपायला भीती वाटते का अजून. आणि पडद्यांचे फोटो पाठवलेस. निळे का पिवळे म्हणून. मी म्हटलं पिवळे. तुला कशाला लागतात दोन खोल्यांचे पडदे?"

वंदनाने कॅमेऱ्यातून बाजूला पाहिलं. तिला दिसत नव्हते, पण आप्पा कुठे बसतात हे तिला माहीत होतं.

"आई, सांग ना."

"दोन खोल्यांचं घर घेऊन वर्ष होऊन गेलं, बाळा. एका खोलीत कपाट करायचंय. किती उंच करायचं ते सुताराला सांगायचं होतं."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"आप्पांना विचारलं होतं मी."

माडीवरची सगळी मुलं आप्पांकडे बघायला लागली. समीनासुद्धा. ईश्वरी खुर्चीतून वळली.

"आप्पा?"

"इसरलो ग," आप्पा म्हणाले. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. "न्हाई. इसरलो न्हाई."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही चिडेल. तिची चीड साऱ्या वर्गाला ठाऊक होती. पण ती परत पडद्याकडे वळली आणि अगदी हळू बोलली.

"आई, तुझं तिथलं काम कधी संपणार?"

"खरं सांगू?"

"हं."

"नर्सचं काम संपतं होय, ईशू? एक खाट रिकामी झाली की दुसरा येतो. हा करार संपला की पुढचा. मी दर वर्षी म्हणते दिवाळीला येते. म्हणताना मला खरंच तसं वाटतं."

"मग मी कशाला थांबलेय?"

हे तिने आईला विचारलं, आप्पांना की मला, कोण जाणे. तिकडे कुणीतरी वंदनाला हाक मारली, तिची सुट्टी संपली होती. "मी रात्री फोन करते आप्पांना," एवढं म्हणून ती गेली. पडद्यावर नदी निळीच राहिली.

आप्पा उठले. जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि नातीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"तुझ्या आयीला सांग," ते म्हणाले, "कपाट जरा उंचच कर म्हनावं. आमच्यात सगळी उंच हायेत."

तेव्हा ती रडली. आप्पांच्या सदऱ्यात तोंड खुपसून, सगळ्यांच्या देखत. पराग आपल्या बेडकाकडे बघत बसला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

कागदपत्रं, पासपोर्ट यात तीनेक महिने गेले. त्या दिवसांत ती शिकली, मिसळली, खेळली, जणू कुठे जायचंच नाही. सायकल तर आठवड्यात शिकली. गुडघे फोडून घेतले आणि ते मला दाखवायला मुद्दाम माडीवर आली. जाताना तिने मला विचारलं, "बाई, मी तिथं अडकले तर?" मी म्हणाले, "नाटक कर." ती म्हणाली, "पराग कुठनं आणू?"

ती ऑगस्टच्या शेवटी गेली.

गणपतीच्या सुट्टीत वर्ग बंद होता. मी उगाच जाऊन बसले होते. घरी मोदकांचा घाट घालायला मला एकटीला कंटाळा येतो. चारला जिन्यावर काठी वाजली. आप्पा धुतलेला सदरा घालून आले होते. या वेळी ते सरळ कॅमेऱ्यापुढे बसले.

ईश्वरी तिथल्या शाळेच्या गणवेशात होती. वेण्या घातल्या नव्हत्या, केस बांधले होते. तिने कपाट दाखवलं, पिवळे पडदे दाखवले, खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दाखवली. आप्पांनी विचारलं, "जेवलीस?" तिने विचारलं, "गणपती किती दिवसांचा?" आप्पा म्हणाले, "पाच." मग मला ती म्हणाली, "बाई, इथले सर लगेच उत्तर सांगून टाकतात हो." मी म्हणाले, "ऐकून घे. आणि मग तुझं तू काढ." वंदनाने आत येऊन दोघांना नमस्कार केला. कॉल संपला.

मी संगणक बंद केला. आप्पा उठेनात.

"बाई, तिच्याकडं आता किती वाजले असतील?"

"दोन वाजत आले असतील. ते आपल्या अडीच तास मागे आहेत."

"म्हंजे आपले चार तिकडं अजून वाजायचेत."

"हो."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसले.

"मग बसतो. वाजू देत तिच्याकडं."

खाली कुणाच्या तरी घरची आरती सुरू झाली होती. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली. आम्ही दोघं तिथे बसलो, बाहेर दिवे लागेपर्यंत.